चार पात्यांचं माप

उमाजी हत्तीअंबीरेला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं. हैदराबादेत, अंबरपेठेतल्या त्याच्या गल्लीत तरी असा माणूस सापडायचा नाही. चहाला बसला तरी त्याचा उजवा पाय टाचेवर नाचत असायचा आणि बाकावर शेजारी बसलेल्याच्या बशीतला चहा हिंदकळायचा. इतरांच्या घरी पाय हलवला की लक्ष्मी जाते म्हणून म्हातारी माणसं दटावतात. उमाजीच्या घरी लक्ष्मी कधी आलीच नव्हती, आणि छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर तिची वाट बघणंही घरच्यांनी सोडून दिलं होतं. त्यामुळे त्याची आई सरुबाई नुसतं म्हणायच्या, "पाय हलवू नको." का, ते सांगायच्या नाहीत.

पाय हलायचा तो कामापायी. हुसेनसागरावर लोकांना फिरवून आणणाऱ्या पर्यटन महामंडळाच्या लाँचवर उमाजी इंजिनमिस्त्री होता. त्या ताफ्यात सगळ्यात म्हातारी लाँच म्हणजे 'मंजिरा'. लाकडी बाकं, वर पत्र्याचं छत, आणि मधोमध लाकडी पेटीखाली, लाँचच्या पोटातच बसवलेलं जुनं विलायती डिझेल इंजिन. त्याच्यावरची नावाची पितळी पाटी कुणी तरी कधीच उपटून नेली होती आणि त्याचं माहितीपुस्तक कुणी पाहिलेलं नव्हतं. बिलोलीकडचं उमाजीचं गाव मांजरा नदीच्या, म्हणजे तेलुगूतल्या मंजिरेच्या, काठचं. दुष्काळात सरुबाई त्याला घेऊन हैदराबादला बांधकामावर आल्या तेव्हा त्यानं मागं टाकलेली ती नदी पुढे लाँच होऊन भेटली, असं तो थट्टेनं म्हणायचा. पण त्या लाँचवर त्याचा जीव होता ही काही थट्टा नव्हती.

आणि सरुबाईंचं एक बोलणं त्याच्या मनात घर करून बसलं होतं. तळ्याच्या मधोमध बुद्धाची मूर्ती उभी राहिली तेव्हा अख्खी वस्ती दर्शनाला जाऊन आली. सरुबाई गेल्या नाहीत. पहिल्यांदा मूर्ती नेताना तराफा बुडाला होता, माणसं गेली होती आणि मूर्ती दोन वर्षं पाण्याखाली पडून होती. त्या दिवसांत सरुबाई बांधावर जाऊन नुसत्या पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. वस्तीतल्या बायांनी फारच धरलं तेव्हा म्हणाल्या, "जाईन. पर माझ्या उमाजीचा हात लागलेल्या इंजिनावरच जाईन. दुसऱ्याच्या नावंत मी पाय ठेवायची नाही."

हे ऐकून उमाजीची छाती फुगली होती. पण मुहूर्त काही लागेना. तो म्हणायचा, "माय, उद्या चल." त्या म्हणायच्या, "गुडघा धरलाय रे." पुढच्या खेपेला ऊन लई असायचं, त्याच्या पुढच्या खेपेला पाहुणे यायचे. म्हातारी पाण्याला भ्यायली आहे असं उमाजीनं धरून घेतलं होतं. तो समजूत काढत राहिला, त्या टाळत राहिल्या, आणि अशातच लाँच बिघडली.

इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात, म्हणजे झडपा. एक हवा आत घेते, एक धूर बाहेर टाकते. त्यांना वरून दाबणारा रॉकर आणि झडपेचा दांडा यांच्यात जराशी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. ही फट बरोबर ठेवणं म्हणजे टॅपेट लावणं. फट असली की बारीक टिकटिक येते, जास्त झाली तर ती मोठी होते. कमी झाली तर तापलेली झडप पुरती मिटत नाही, उघड्या राहिलेल्या कडेनं आगीचा लोळ निसटत राहतो आणि धुराच्या झडपेची कड जळून जाते. हे कुठल्याही गॅरेजातल्या माणसाला विचारा, झोपेत सांगेल.

'मंजिरा'ची धुराची झडप जानेवारीत जळाली. इंजिन धापा टाकायला लागलं, पांढरा धूर ओकायला लागलं, आणि लाँच कशीबशी धक्क्याला लागली. उमाजीनं हेड उतरवलं, नवीन झडप आणली, पेस्ट लावून तिच्या बैठकीवर घासून बसवली, टॅपेट लावले. इंजिन असं चाललं की बघत राहावं. महिना दीड महिना गेला आणि होळीच्या सुमाराला पुन्हा तीच गत.

आता उमाजीचा पाय घरीदारी, बसमध्ये, जेवताना, कुठंच थांबेना. संशय तरी कुणाकुणाचा घ्यायचा? बाजार खुला झाल्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि सिकंदराबादच्या राणीगंजात सुट्या भागांच्या दुकानांत कुठकुठला माल येऊन पडला होता. खोक्यावर जपान लिहिलेलं, आतला माल कुठला ते देव जाणे, आणि उमाजी तर देवही मानत नव्हता. झडपच नकली असणार असं म्हणून तो दुकानदाराशी भांडून आला. मग त्यानं दुसऱ्या दुकानातली झडप आणली. मग स्प्रिंगा बदलल्या. मग पाण्याच्या पंपाला धरलं, की इंजिन जास्त तापत असेल. पंप खोलला तर पंप ठणठणीत. कुणी तरी सांगितलं म्हणून एका दुपारी पोरीला, रोशनीला, घेऊन कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून इंजिनाचं माहितीपुस्तक शोधत हिंडला. तेलुगू, इंग्रजी रोशनी वाचायची. मराठी मात्र तिला अक्षरं लावून वाचावं लागे. बापलेकींना एका ट्रॅक्टरचं पुस्तक मिळालं आणि शिलाई मशीनचं मिळालं. पोरीनं विचारलं, "बाबा, ये नहीं चलता क्या?" उमाजीला हसूही आलं आणि रडूही.

एकाच गोष्टीवर त्याचा संशय गेला नाही, ती म्हणजे टॅपेटची फट. ती चुकणं शक्यच नव्हतं. ती चार पात्यांची होती.

हे माप मस्तान उस्तादाचं. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या उमाजीला उचलून ज्यानं पाना हातात दिला तो हा सिकंदराबादचा म्हातारा मिस्त्री. 'मंजिरा' पाण्यात उतरली तेव्हापासून तिचं इंजिन त्याच्याकडे होतं. स्टोअरमध्ये फट मोजायचं गेज होतं, पण त्याची पानं गंजून एकमेकांना चिकटली होती, आणि उस्तादाला गेजाचा मुळातच तिटकारा. दाढीच्या ब्लेडचं नवं पाकीट फोडायचं, धुराच्या झडपेला चार पाती एकावर एक ठेवून फटीत सरकवायची, हवेच्या झडपेला तीन. सरकताना जरा अडकली पाहिजेत. "गेज तो घिसता मियाँ," उस्ताद म्हणायचा, "ब्लेड कायकू घिसता? हर बार नया ले, बस." नाक्यावरच्या दुकानात निळ्या कागदातली ती पाती कायम मिळायची. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यांच्यावर दाढ्या केल्या आणि उस्तादानं टॅपेट लावले. काम झालं की ती पाती उस्ताद उमाजीला द्यायचा आणि उमाजी घरी आणून सरुबाईंना द्यायचा. त्या जुन्या कपड्यांची शिवण उसवायला ती वापरायच्या.

उस्ताद दोन वर्षांपूर्वी वारला. जनाजाच्या नमाजाच्या वेळी उमाजी मशिदीच्या दारात चपला सांभाळत उभा होता आणि घरी येऊन लहान पोरासारखा रडला होता. उस्तादानं मागं ठेवलेली पाकिटं गेल्या दिवाळीपर्यंत पुरली. त्यानंतर उमाजी स्वतः नाक्यावरून पाती आणायला लागला. पात्यांवर संशय घेणं म्हणजे मेलेल्या उस्तादाकडे बोट दाखवणं. ते त्याच्या हातून झालं नसतं, आणि मनातही आलं नाही.

त्यात भर म्हणजे साहेबांची शाबासकी. नरसिंगराव साहेब महामंडळाच्या नौकांचे मुख्य. माणूस भला, पण नव्या वाऱ्यानं भारलेला. इंजिन दुरुस्त झालं की पेटीजवळ कान नेऊन म्हणायचे, "अरे वा! पैले कितना टिकटिक टिकटिक करता था. अब आवाजच नै! मॉडर्न हो गया रे तेरा इंजिन." उमाजीला बरं वाटायचं. बरं वाटायचं आणि आत कुठं तरी टोचायचंही, पण काय टोचतंय ते हाताला लागेना.

तिसऱ्यांदा झालं ते भीमजयंतीला. आदल्या रात्री उमाजी म्हणाला होता, "माय, उद्या जयंती हाय, आता तरी चल. मी स्वतः लाँचवर असतो." सरुबाईंनी त्याच्याकडे, मग त्याच्या ताटाकडे पाहिलं. ताट थरथरत होतं आणि वरणावर लाटा उठत होत्या. त्या म्हणाल्या, "नको बाप्पा. गुडघा."

आणि दुसऱ्या दिवशी भर पाण्यात, निळे झेंडे लावलेली लाँच माणसांनी भरलेली असताना, 'मंजिरा'नं मान टाकली. पोरं रडायला लागली. दुसऱ्या लाँचनं दोर बांधून ओढत आणलं. धक्क्यावर उतरताना वस्तीतलीच एक बाई उमाजीला म्हणाली, "भाऊ, जयभीम," आणि तोंड फिरवून गेली. उमाजी पेटीवर बसून राहिला. माय आज आली नाही हे किती बरं झालं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्या विचाराचीच त्याला इतकी लाज वाटली की तळ्यात उडी टाकावी. आई ज्या हाताच्या भरवशावर बसणार होती तो हातच गेला होता. एवढी वर्षं हे इंजिन त्याचं ऐकत होतं, आता ऐकत नव्हतं, आणि का ते त्याला ठाऊक नव्हतं.

नरसिंगराव साहेबांनी त्याला बोलावलं. ओरडले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. फायबरच्या नव्या बोटी येणार होत्या, मागे टांगायच्या परदेशी इंजिनांच्या, आणि त्या ठेकेदार चालवणार होता. "उमाजी, बुद्धपौर्णिमा को बहुत पब्लिक आता. तब तक मंजिरा रखता मैं, तेरे लिये. एक बार और बंद पडी तो भंगार में जाती. मेरे हाथ में नै रहता फिर." उमाजी "हौ साब" म्हणाला. ठेकेदाराच्या बोटीत माय पाय ठेवणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे पौर्णिमेला नेलं तर नेलं, नाही तर मायचं दर्शन कायमचं राहिलं.

पुढचे दिवस उमाजीनं कसे काढले ते त्याची बायको इंदूच जाणे. भाकरी तोडता तोडता उठायचा आणि म्हणायचा, "स्प्रिंग उलटी तर बसली नसंल?" अंघोळीला गेला की बादली तशीच भरून वाहत असायची. इंदू म्हणाली, "तुमच्यापेक्षा ती लाँच घरी आणून बांधा, निदान डोळ्यांसमोर राहील." सरुबाई भिंतीला टेकून वाकळ शिवायच्या, मधूनच चष्म्यावरून लेकाच्या पायाकडे बघायच्या, आणि पुन्हा सुई चालवायच्या.

पौर्णिमा तोंडावर आली होती. रविवारी सकाळी तो यादगिरीकडे दाढीला गेला. अंबरपेठेच्या बाजारातलं यादगिरीचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि यादगिरीची न थांबणारी जीभ. उमाजीच्या गालाला साबण फासून त्यानं वस्तरा उचलला आणि थांबला.

"अन्ना, पाँव मत हिलाओ. गला कटा तो मेरे पे आता."

"नै हिलाता."

"हिलारै देखो! पकडके बैठो."

उमाजीनं दोन्ही हातांनी आपलाच गुडघा दाबून धरला. यादगिरीनं नवं पातं काढलं. वस्तऱ्यात अर्धंच पातं बसतं, म्हणून न्हावी ते मधोमध मोडून घेतात. यादगिरीनं मोडायला म्हणून वाकवलं, तर ते मोडेना, नुसतं वाकलं. दुसऱ्यांदा वाकवलं, तरी तसंच. त्यानं तेलुगूतून पात्याच्या आईबापांचा उद्धार केला.

"पैले का ब्लेड कैसा था अन्ना? निल्ला कागद वाला? मोटा, कडक. कट बोलके टूटता था. वो कंपनी बंद. अब ये आया, चमकता है, चिकना काटता है, मगर पतला! कागद के जैसा पतला. देखो, मुडता, टूटता नै."

उमाजीचा हात गुडघ्यावरून सुटला. "क्या बोला?"

"पतला है बोला."

उमाजी खुर्चीतून उठला. एका गालाला साबण, दुसरा गाल कोरडा, गळ्याला टॉवेल. त्यानं यादगिरीच्या हातातलं वाकलेलं पातं ओढून घेतलं आणि अंगठा आणि बोटात धरून चोळलं. मग म्हणाला, "पाकिट दे. पूरा पाकिट दे." यादगिरी घाबरला. ब्लेड मागणाऱ्या माणसाला ब्लेड द्यावं की देऊ नये, एवढा विचार त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केला असेल. तोवर उमाजीनं फळीवरचं पाकीट उचललंही होतं आणि तो बाजारातून घराकडे पळत सुटला होता. पोरं मागून हसत होती. त्याला त्याचं काहीच नव्हतं.

घरी सरुबाई वाकळ घेऊन बसल्या होत्या. "माय, तुझा डबा कुठं हाय? ब्लेडचा?"

"कामून? अन् तोंडाला काय फासलंस?"

"दे आधी."

बटणं, हुक, दोऱ्याच्या गुंड्या यांच्या खाली पत्र्याच्या डब्याच्या तळाशी ती पाती होती. उस्तादाच्या हातची, जुनी, निळ्या कागदातली. काहींना गंज चढला होता, काहींची धार गेली होती, पण धारेशी उमाजीला काय करायचं होतं? त्यानं त्यातली चार चांगली निवडली, सदऱ्याला पुसली, एकावर एक ठेवून फरशीवर मांडली. शेजारी यादगिरीकडची चार मांडली. मग खाली वाकून, गाल जवळजवळ फरशीला टेकवून पाहिलं. नवी थप्पी बुटकी होती. त्यानं पाचवं पातं ठेवलं तेव्हा कुठं दोन्ही सारख्या झाल्या.

चारची पाच व्हायला हवी होती आणि तो चारच घालत होता. दिवाळीपासून प्रत्येक खेपेला त्यानं आपल्याच हातानं फट कमी ठेवली होती, झडप पुरती मिटू दिली नव्हती आणि जाळली होती. नवी झडप आणायची, ती घासूनपुसून बसवायची आणि पुन्हा मन लावून बिघडवायची. दुकानदार चोर नव्हता. स्प्रिंग उलटी नव्हती. आणि साहेब ज्या शांततेवर खूश होते ती शांतता म्हणजेच दुखणं होतं. आता त्याला आठवलं, उस्ताद पेटीवर डोकं टेकून टिकटिक ऐकायचा आणि समाधानानं बिडी पेटवायचा. "बोलरी ना? बोलने दे. जिस दिन चुप हुई उस दिन खोलके देख." हे वाक्य उमाजीनं पुष्कळदा ऐकलं होतं. आवाज गेला म्हणून शाबासकी मिळाली आणि तो नेमकं तेवढंच विसरला. साबण वाळून गाल ओढत होता. त्याला रडावंसं वाटत होतं, पण चूक सापडल्याचा आनंद इतका मोठा होता की रडायला जागाच उरली नाही.

"सापडलं व्हय?" सरुबाईंनी विचारलं.

"सापडलं."

"मग तोंड धू."

उस्तादाची ती चार पाती कागदात गुंडाळून तो कामावर गेला. रविवार होता, पण त्याला कोण अडवणार? जळालेली झडप काढून नवी बसवली. मग बाकीच्याही सगळ्या फटी जुन्या पात्यांनी लावल्या. पाती जराशी अडकत सरकली तेव्हा त्याच्या बोटांना जुनी ओळख पटली. हँडल मारलं. इंजिन धडधडलं, दोन घोट धूर टाकला आणि ठेका धरला. त्या ठेक्याच्या आत, बारीक, न चुकता, टिकटिक, टिकटिक. किती दिवसांनी ऐकत होता तो हा आवाज! त्यानं पेटीवर कान टेकवला आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नरसिंगराव साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "उमाजी, ये क्या? आवाज वापस आ गया! परसों पौर्णिमा है, और ये टिकटिक?"

"हौ साब. आना चाहिए."

"चाहिए?"

उमाजीनं त्यांना पात्यांच्या दोन थप्प्या दाखवल्या आणि चूक आपली होती हे सरळ सांगितलं. साहेबांनी पाती उलटीपालटी करून पाहिली. त्यांना थोडं कळलं, थोडं नाही कळलं. "अय्यो, दाढी के ब्लेड से इंजिन!" म्हणाले, आणि मग म्हणाले, "दिनभर खाली चलाके दिखा. भरी धूप में. फिर पब्लिक बिठाता." उमाजीनं चालवून दाखवली. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत 'मंजिरा' रिकामीच मूर्तीला वळसे घालत राहिली. तळ्यावरून आग परतत होती, पत्र्याचं छत तापून हात लावू देत नव्हतं, पण इंजिनानं एकदाही धाप टाकली नाही. संध्याकाळी साहेब नुसते मान डोलावून गेले. तेवढं पुरे होतं.

घरी मात्र त्यानं मायला काही विचारलं नाही. भीमजयंतीला आपण तिला कशात बसवायला निघालो होतो ते त्याला सारखं आठवत होतं. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, चल? तो जेवला आणि निमूट झोपला.

पौर्णिमेच्या सकाळी धक्क्यावर पांढऱ्या साड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची रीघ लागली होती. वस्तीतली माणसं 'मंजिरा' पाहून जरा बिचकली, मग एकमेकांना ढकलत चढली. उमाजी पेटी उघडून तेल बघत होता. मान वर केली तर समोर सरुबाई. पांढरं लुगडं, हातात फुलांची पुडी, सोबत कुणी नाही. एका हातानं दांडा धरून त्या लाँचमध्ये चढल्या, बाकं सोडून थेट इंजिनाच्या पेटीपाशी आल्या आणि शेजारच्या फळीवर बसल्या.

उमाजीनं तेलाचे हात चिंधीला पुसले. मग तो त्यांच्यापाशी वाकला. आजूबाजूला माणसं होती, म्हणून हळू बोलला. "माय, तुला एक सांगायचं राहिलं. लाँच तीनदा बंद पडली ना, ती माझ्याच हातानं. मीच बिघडवत होतो. तू म्हणतीस माझ्या हाताच्या भरवशावर... उतरायचं असंल तर उतर. मला राग नाही यायचा."

सरुबाईंनी फुलांची पुडी मांडीवर ठेवली. "मला काय नवं सांगायलास? इंजिनाचा तुलाच भरवसा न्हाई हे मला पयल्यापासून ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या पायानं. ताटातलं वरण उड्या मारायलंय अन् तू म्हणायलास, माय, चल. कशी चलू?"

"मग गुडघा? आणि मला वाटलं पाण्याला भ्यायलीस."

"पाण्याला कामून भिऊ? तुझ्या त्या उस्तादाची ब्लेडं घेऊन फरशीवर पालथा पडलास ना तू, तोंडाला साबण लावून? तवा थांबला तुझा पाय. कालपण थांबलेला होता, परवापण. दोन दिस पाहिलं म्या, मग फुलं आणली." मग जरा चिडूनच म्हणाल्या, "आता चालव की. माणसं उन्हात बसल्यात."

उमाजीनं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय फळीवर सपाट टेकलेला होता. तो कधीपासून तसा होता हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं इंजिन सुरू केलं, दोर सुटला आणि 'मंजिरा' टिकटिकत धक्क्यापासून दूर झाली. सरुबाईंनी एक हात लेकाच्या गुडघ्यावर ठेवला, तो मूर्तीपर्यंत तसाच राहू दिला, आणि दुसऱ्या हातानं फुलं पदराखाली झाकून घेतली, उन्हानं सुकू नयेत म्हणून.